जीप किती उचलावी?

जमिनीपासून आपण नेमकं किती वर असावं, याचा माझ्या सासऱ्यांइतका विचार आजवर एखाद्या घारीनेही केला नसेल, आणि घारीचं तर पोट त्यावर चालतं. सासऱ्यांचं पोट पेन्शनवर चालतं. तीस वर्षं ते सातपुड्यात, मोलगी आणि धडगावच्या पट्ट्यात, ढोरांचे सरकारी डॉक्टर होते. कागदोपत्री ते डॉक्टर नव्हते, पशुधन पर्यवेक्षक होते. पण डोंगरात हा शब्द पुरता उच्चारेपर्यंत म्हैस विऊन मोकळी होते, म्हणून सगळे त्यांना डॉक्टरच म्हणत. ज्या वर्षी ते निवृत्त झाले त्याच वर्षी त्यांची सरकारी जीपही मोडीत निघाली. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते तिन्ही घरात ठेवून सासरे दुसऱ्या दिवशी लिलावाला गेले आणि जीप घेऊन आले. तळोद्याच्या घरापुढे ती येऊन उभी राहिली तेव्हा सासूबाई दारात आल्या, त्यांनी जीपकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "घरमा एक रिटायर कमी व्हतं का, आखो दुसरं ली उनात?"

मी या घरचा जावई झालो तोवर जीप दारात चांगली रुळली होती. मी मूळचा सांगलीकडचा, नोकरीने नंदुरबारात आलो आणि इथलीच मुलगी केली. लग्नात सगळी मंडळी माझ्याशी शाळेतली मराठी बोलत आणि माझ्याविषयी अहिराणीत बोलत. पहिल्या दिवाळसणाला इतर जावयांना अंगठी मिळते, घड्याळ मिळतं. मला एक रिकामं पोतं मिळालं. पहाटेचं अभ्यंगस्नान झालेलं, अंगाला उटण्याचा वास येतोय, नव्या सदऱ्याची घडीही मोडलेली नाही, आणि सासरे म्हणतात, "झाली ना आंघोळ, जवाईबापू? मग जरा आडवे व्हा." ते पोतं जीपखाली अंथरायचं होतं आणि त्यावर मला. मी खाली टेपचं टोक धरून पडलो आणि ते बाहेरून सूचना देऊ लागले. जमिनीपासून जीपचा सगळ्यात खालचा भाग किती वर आहे ते मला वाचायचं होतं. मी सांगितलं, साडेसात इंच. "नीट पाहा. काल सात होतं." मी म्हणालो, "काल मी नव्हतो, मामा." त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "मग तुमच्या वजनानं जमीन दबली असंल." जावयाला दहावा ग्रह म्हणतात. आमच्याकडे हा ग्रह दर सणाला जीपखालून फिरत असे.

जीप हे जनावर आहे याविषयी सासऱ्यांच्या मनात कधीच शंका नव्हती. त्यांच्याकडे तिची एक वही आहे. खात्यात असताना आजारी बैलाचा कागद लिहीत तशी ती लिहिलेली आहे. 'डाव्या पुढच्या पायात लंगडते.' 'खाणे वाढले, काम कमी.' 'दोन दिवस धूर काळा, आज बरा.' रस्त्यात कुणाची नवी गाडी उभी दिसली की ते टायरपाशी उकिडवे बसत, रबराच्या खाचेत बोट घालत आणि वय सांगत, "चार दाती शे," म्हणजे अजून तरणा आहे. खाचा झिजून सपाट झालेल्या टायरला ते "जुळेल शे" म्हणत, म्हणजे सगळे दात आलेला, आता बाजारात किंमत नाही असा. गाय गाभण आहे की नाही ते तपासताना घालायचे, थेट खांद्यापर्यंत येणारे प्लास्टिकचे हातमोजे त्यांच्याकडे निवृत्तीनंतरही एक खोकं भरून उरले होते. ते घालून, डोळे मिटून, ते जीपच्या पोटाखाली हात घालत आणि आत काय काय ढिलं झालंय ते चाचपत. एकदा गल्लीतून चाललेल्या एका नवख्या पाहुण्याने हा प्रकार पाहिला आणि तो माझ्या सासूबाईंना कळवळून विचारू लागला, "यांना घरात कुणी काही बोलत नाही का?" सासूबाई म्हणाल्या, "बोलतस ना. पन ते जीपसंगे बोलतस."

आता ही जीप उचलायचं खूळ त्यांच्या डोक्यात का शिरलं ते सांगतो, म्हणजे तुम्ही मला सासऱ्यांची टिंगल करणारा कृतघ्न जावई समजणार नाही. टिंगल तर मी करणारच आहे, पण कारण खरं होतं. मोलगीच्या पुढे, डांबर संपतं तिथून दोन कोसांवर, एका नाल्यापलीकडच्या चढावर एक पाडा आहे. तिथे दित्या नावाचा सासऱ्यांचा मित्र राहतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी सासरे त्या नाल्यापर्यंत जीप घेऊन गेले. पुढे दगड आणि दगडांच्या पुढे उभा चढ पाहून त्यांनी जीप थांबवली, आणि पुढची तीस वर्षं ती दर वेळी तिथेच थांबली. दित्या पलीकडून उतरून यायचा, औषधांची पेटी डोक्यावर घ्यायचा आणि सासऱ्यांना पाड्यावर न्यायचा. जाता-येता दोघांची अखंड बोलाचाली चाले. त्यांची एक तिसरीच भाषा आहे, थोडी पावरी, थोडी अहिराणी आणि थोडी सरकारी परिपत्रकातली. दित्या सगळ्यांना अरे-तुरे करतो, कलेक्टर आला तरी त्यालाही करील. सासऱ्यांना तर तो सरळ म्हणे, "डाक्तर, तुझी जीप नाल्याला घाबरते. जीपला घाबरट माणूस मिळाला."

मग दित्याचे गुडघे गेले आणि त्यामागोमाग डोळे जाऊ लागले. मोतीबिंदू. पाड्यावर येणाऱ्या नर्सबाईंनी बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं की डाव्या डोळ्याचं आता काही खरं नाही. उजव्याचं ऑपरेशन वेळेत झालं तर दिसेल, ही दिरंगाई अशीच चालली तर तोही जाईल. गुडघ्यांमुळे दित्याला नाला उतरता येत नव्हता. मुलगा म्हणाला, बांबूला झोळी बांधू आणि नेऊ. तसंच नेतात तिकडे, आजाऱ्याला, अडलेल्या बाईला. दित्या ऐकेना. "झोळीत मी लई माणसं वाहिली," तो म्हणाला. "येताना झोळी रिकामी आणली." सासरे त्याला समजवायला गेले तेव्हा त्याने त्यांच्यापुढे अट टाकली. "तुझी जीप माझ्या दारात आण, मग येतो. दुसऱ्या कशात नाही येत." तीस वर्षांत जे झालं नाही ते आता कुठून होणार, असा त्याचा साधा हिशोब होता. खरं तर त्याला सुरीची भीती वाटत होती आणि त्याला एक भक्कम सबब हवी होती. सासऱ्यांनी ती सबब मनावर घेतली.

इथून पुढे कुणाही शहाण्या माणसाने मिस्तरीला सांगितलं असतं, बाबा रे, जीप जरा उंच कर, चांगले टायर घाल, आणि आठवड्यात मोकळा झाला असता. सासऱ्यांना तीन वर्षं लागली. कारण जीप उंच करणं ही गोष्ट दिसते तशी सरळ नाही, हे त्यांनी मला इतक्यांदा समजावलं की आता मी ते झोपेत म्हणू शकतो. मोठा टायर घ्यावा तर तो वरच्या पत्र्याला घासतो, म्हणून आधी जीप उचलायची. जीप उचलली तरी मागच्या दोन चाकांच्या मधला लोखंडी गोळा होता तिथेच राहतो, आणि दगडावर आपटतो तो नेमका तोच. त्याला वर न्यायचं तर टायरच मोठा पाहिजे. टायर मोठा घेतला की इंजिनाची ओढ कमी पडते आणि मग चढ चढत नाही, आणि चढ चढायचा नसेल तर नाला ओलांडून करायचं काय? बरं, उचलायची ती कशी? चाकांवरच्या लोखंडी पाट्यांच्या कमानीत एक पाटा वाढवला तर जीप ताठ होते आणि हादरे बसतात. नुसते ठोकळे घातले तर ती वळणावर डुलते. दोन इंच कमी, चार इंच जास्त, आणि तीन म्हणजे सासऱ्यांच्या मते "ना धड बैल, ना धड गोऱ्हा". फोनवर ते परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ बघत बसत. वाळवंटात जीप नाचवणारा एखादा लालबुंद माणूस तासभर इंग्रजीत काहीतरी सांगे, सासऱ्यांना त्यातलं अवाक्षर कळत नसे, आणि तरी ते मान हलवत राहत. शेवटी म्हणत, "त्याचं बरोबर शे. पन त्याना मुलूखमा नाला नही."

हे सगळं ज्याच्या हातून व्हायचं होतं तो मिस्तरी होता खापरला, गुजरातकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर. सासरे त्याला रोज सकाळी सातला फोन करत आणि आदल्या दिवशी ठरलेलं मोडत. टायर दोन जातींचे होते: एक जाड खोल गुटक्यांचा, चिखलासाठी, दुसरा जरा बेताच्या खाचांचा, रस्त्यालाही चालणारा. सोमवारी पहिला पक्का होई, मंगळवारी दुसरा, बुधवारी सासरे विचारत की पुढे एक आणि मागे एक घातला तर? एकदा त्या भल्या माणसाने हात जोडल्याचं मला फोनवरसुद्धा दिसलं. तो म्हणाला, "साहेब, दो इंच बोलो, तीन बोलो, चार बोलो, लेकिन कुछ तो बोलो!" सासरे म्हणाले, "घाई करू नको. घाईत जनावर दगावतं."

आणि या सगळ्याच्या वर नाला. दित्याच्या पाड्याखालचा तो नाला सासऱ्यांनी काठीने मोजला. दिवाळीनंतर पाणी ओसरल्यावर ते तिथे गेले, प्रत्येक मोठ्या दगडाची उंची काठीवर खाचा पाडून घेतली, आणि घरी येऊन अंगणात हुबेहूब तसाच नाला उभा केला. दगड आणले, खड्डे खणले, पलीकडे मातीचा चढ केला. त्यात सासूबाईंचा अळूचा वाफा गेला. त्या नाल्यात पाहुणे पडले, पोस्टमन पडला, आणि लग्नाची पत्रिका द्यायला आलेले एक वृद्ध गृहस्थ पडून तिथूनच आमंत्रण करून गेले. सासूबाईंनी मात्र दोन दिवसांत त्या दगडांवर मिरच्या वाळत घालायला सुरुवात केली, आणि नाला ओलांडायचा सराव करायचा तर आधी मिरच्या उचलाव्या लागत. सासऱ्यांची एक चूक झाली होती, आणि ती चूक मोजमापावर विश्वास असलेल्या माणसाच्याच हातून होऊ जाणे. नाला दर पावसाळ्यात आपले दगड हलवतो. सासरे हिवाळ्यात मापं घेत, उन्हाळाभर त्यावर विचार करत, आणि निर्णयाच्या अगदी जवळ येत तोवर पाऊस पडे. पुन्हा दिवाळीनंतर जाऊन पाहावं तर मोठा दगड डावीकडे सरकलेला, एक नवाच आलेला. ते घरी येऊन अंगणातले दगड हलवत. अशी तीन मापं झाली. मी एकदा म्हणालो, "मामा, नाला काही मापाला बसायचा नाही." ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि मग येऊन म्हणाले की तुमचं म्हणणं खरं आहे, म्हणून आता सगळ्यात वाईट वर्षाचं माप धरू.

एक गोष्ट मात्र मला उशिरा कळली आणि ती कळल्यावर मला स्वतःची थोडी लाज वाटली. ताठ पाटे नकोत म्हणून ते जो घोळ घालत होते तो दित्यापायी होता. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला हादरा चालत नाही असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून ते जीप मऊ चालते की नाही ते पाहत होते, आणि पाहण्याची त्यांची रीत अशी की शेजारच्या जागेवर मला बसवायचं, माझ्या मांडीवर ताकाने काठोकाठ भरलेला लोटा द्यायचा आणि गाडी अक्कलकुव्याच्या रस्त्यावर काढायची. लोट्यात परत येताना किती ताक उरतं ते वहीत लिहायचं. उरत काहीच नसे. माझ्या पँटी एकेक करून आंबट झाल्या. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही नाही म्हणायला शिका." मी म्हणालो, "तुझ्या वडिलांना?" यावर तिने पुढची पँट भिजत घातली.

तिसऱ्या वर्षीच्या चैत्रात दित्याच्या मुलाचा फोन आला. बाबा आता भाकरी चाचपून शोधतो, तो म्हणाला. नर्सबाई म्हणतात, पावसाआधी नाही नेलं तर मग नेऊ नका. सासऱ्यांनी फोन ठेवला, वही उघडली आणि टायरांचं पान काढलं. तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांच्या हाताला पीठ होतं. एवढ्या वर्षांत मी त्यांना ओरडताना पाहिलं नव्हतं. त्या टोमण्यांवर भागवत. त्या दिवशी त्या ओरडल्या. "दित्याना डोया जाई ऱ्हायनात आन् तुम्ही आजून टायर निवडी ऱ्हायनात? त्याले दखानं बंद व्हयनं म्हंजे मंग ही जीप कोनले दखाडशात?" सासऱ्यांनी वही मिटली. त्यांचा चेहरा मार खाल्लेल्या पोरासारखा झाला होता. ते हळूच म्हणाले, "चुकीनं डोंगरमा मधेच बंद पडनी त? तो परत नही बसाव." म्हणजे हा माणूस तीन वर्षं घाबरलेला होता, आणि मी त्याला विक्षिप्त समजत होतो. विक्षिप्त तर तो होताच.

सासूबाईंनी हात धुतले, लुगडं नीट केलं आणि स्वतः खापरला निघाल्या. सासरे आणि मी सोबत होतो, म्हणून हा निर्णय जगात कसा झाला ते मला सांगता येतं. मिस्तरीने दोन्ही टायर पुढे ठेवले. सासूबाईंनी विचारलं, "रस्ता कितला आन् डोंगर कितला?" सासरे म्हणाले, मोलगीपर्यंत डांबर, पुढे दोन कोस डोंगर. "मंग दोन्हीकडे चालस तो द्या." किती इंच उचलायची, मिस्तरीने विचारलं. "कोनी दोन म्हंस, कोनी चार म्हंस. तीन करा." सासऱ्यांनी तोंड उघडलं. "जिंदगीभर भाकरी करी घाल्यात तुम्हले," सासूबाई म्हणाल्या. "एक दिन तरी पीठ मोजं का मी?" मिस्तरीने खुर्ची पुसून त्यांना बसायला दिली आणि चहा मागवला. त्याच्या चेहऱ्यावर एखाद्याचा जुना ताप उतरावा तसं समाधान होतं.

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही निघालो, सासरे आणि मी. उचललेली जीप फारच रुबाबदार दिसत होती. सासरे मात्र तिच्यात चढताना एका हाताने दार, दुसऱ्या हाताने माझा खांदा आणि तोंडाने देवाचं नाव धरत. घाटात त्यांनी वीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. एक सायकलवाला आम्हाला हात करून पुढे गेला. मोलगी मागे पडली, डांबर संपलं, आणि नाला आला. सासऱ्यांनी जीप थांबवली, खाली उतरून पाहिलं, चप्पल काढून नाल्याला नमस्कार केला, पुन्हा चढून बसले, गिअर टाकला आणि आम्ही नाला ओलांडला. बस, एवढंच झालं. कोंबडीने अंगण ओलांडावं तसं ते झालं. चढसुद्धा जीप कुरकुर न करता चढली. वर जाऊन सासऱ्यांनी गाडी बंद केली आणि मागे वळून पाहिलं. आनंद व्हायला हवा होता, पण त्यांचा अपमान झाल्यासारखा दिसत होता. ते जीप वळवून खाली गेले आणि परत आले, या खेपेला बाजूला पडलेल्या सगळ्यात मोठ्या दगडावरून मुद्दाम. आता कुठे त्यांना बरं वाटलं. गेल्या पावसाने वाटेतले दगड बाजूला सारले होते, हे मला स्पष्ट दिसलं होतं. मला वाटतं, त्या दिवशी जुन्या टायरांवर, न उचललेली जीपही गेली असती. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही आणि सांगणारही नाही.

दित्या दारापुढे खाटेवर बसला होता. आवाज ऐकून तो काठी टेकत उठला. सासऱ्यांनी जीप त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी केली आणि खाली उतरून ताठ उभे राहिले. "आणली बघ," ते म्हणाले. दित्याने हात पुढे केला. पुढचा टायर चाचपला, वर वर जात राहिला, आणि हात काढून घेतला. "ही तुझी नाही," तो म्हणाला. "अरे, माझीच!" सासरे म्हणाले. दित्या म्हणाला, "तुझी जीप माझ्या कमरेला लागायची. ही पोटाला लागते. कोणाची मागून आणली?" पाड्यावरची पंधरा-वीस माणसं जमली होती, ती हसू लागली. सासऱ्यांनी त्याला तीन इंचांचं सगळं समजावून सांगायला घेतलं, पाटे, टायर, गोळा, आणि मी देवाला म्हटलं, आता पाऊस सुरू होईपर्यंत आम्ही इथेच. दित्याने त्यांना मध्येच थांबवलं. "तुझ्या जीपला नाल्यापाशी इकडच्या दाराला माझ्या बैलानं लाथ मारलेली," तो म्हणाला आणि कमरेच्या उंचीवर दार चाचपू लागला. पत्रा गुळगुळीत होता. त्याने मान हलवली. सासऱ्यांनी त्याचं मनगट धरलं आणि हात वर नेला, चार बोटं वर. तिथे पत्र्यात वाटीएवढा खळगा होता. दित्याचा अंगठा त्यात फिरत राहिला. मग तो म्हणाला, "तांबडा बैल होता. खूप दिवस झाले त्याला."

आता अटीप्रमाणे त्याने यायचं होतं, आणि तेव्हा आम्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की सासऱ्यांनी तीन वर्षांत दगड मोजले, खड्डे मोजले, चढ मोजला, ताकसुद्धा मोजलं, फक्त दित्याचा गुडघा किती वर येतो ते मोजलं नव्हतं. तो पाय उचलायचा आणि तो पायरीच्या वीतभर खालीच राहायचा. पोरं म्हणाली, उचलून ठेवतो. दित्याने काठी उगारली. मी खाट लावून पाहिली, ती कलली. सासरे घामाघूम झाले. मला वाटलं आता हा माणूस इथेच पाटे सोडून जीप परत खाली बसवणार. दित्या खाटेच्या कडेला बसून सगळं ऐकत होता. शेवटी तो वैतागून म्हणाला, "डाक्तर, आजारी गाय गाडीत कशी चढवायचास?" सासऱ्यांनी कपाळावर हात मारला, जीपमध्ये चढले आणि ती मागे मागे घेत शेताच्या उंच बांधाला नेऊन भिडवली. जनावर उडी मारत नाही, म्हणून गाडी बांधाला लावतात. मग ते सपाट जमिनीवरून चालत आत जातं. दित्या काठी टेकत बांधावरून चालत आला आणि थेट आत पाऊल टाकून जागेवर बसला. बसल्यावर म्हणाला, "चल. आता घाबरू नको."

नंदुरबारच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली तेव्हा आम्ही दोघं खाटेशी उभे होतो. दित्याने आधी नर्सकडे पाहिलं, मग खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे, मग माझ्याकडे, आणि मग सासऱ्यांवरून नजर पुढे नेऊन दाराकडे. "डाक्तर कुठे गेला?" त्याने मला विचारलं. मी म्हणालो, "हे काय, तुमच्या पुढ्यात." त्याने परत पाहिलं. त्याची नजर जायला लागली तेव्हा सासऱ्यांचे केस काळे होते, मिशी होती, पाठ सरळ होती. मधली सगळी वर्षं तो आवाजावरून तोच माणूस पाहत आला होता. मग त्याने हळूच विचारलं, "तू म्हातारा कधी झाला?" एरवी कुठल्याही प्रश्नाला इंचात उत्तर देणारे माझे सासरे हातातली थैली या हातातून त्या हातात घेत राहिले. "तू पाहत नव्हतास ना," ते म्हणाले, "तेवढ्यात होऊन घेतलं."

परतीच्या वाटेवर, दवाखान्याच्या ओट्यावरून चढून, दित्या पुढे बसला आणि मी मागे. दवाखान्याने दिलेला काळा चष्मा तो दर वेळी कपाळावर सरकवी आणि सासरे दर वेळी तो खाली ओढत. घाट सुरू झाला तसा तो म्हणू लागला, थांब. सासरे थांबत. इथे साग होते ना? होते, तोडले. ते घर कोणाचं? पत्र्याचं नवं आहे, तुझ्या मामाच्या नातवाचं. थांब. मोहाला फुलं होती का या वर्षी? होती, रे. एकदा तर त्याने नुसतंच थांब म्हटलं आणि आम्ही तिघं समोरच्या डोंगरांकडे पाहत बसलो. मला उतरून काहीतरी करावंसं वाटलं, पण करण्यासारखं काही नव्हतं. दोन तासांच्या रस्त्याला आम्हाला सबंध दिवस लागला. दित्याने डोंगर पाहिले, झाडं पाहिली, रस्त्याने जाणारी माणसं आणि त्यांची गुरं पाहिली. जीपकडे त्याने एकदाही पाहिलं नाही, आणि सासऱ्यांच्या ते लक्षातही आलं नाही.